इंदूच्या रक्तातला आकडा

७ जानेवारी २०२५, आळे

संध्याकाळी पुण्याहून परत आलो. इंदूची महिन्याची तपासणी होती. तिने रक्त द्यायचं, डॉक्टर प्रतिभा मॅडमनी रिपोर्ट बघून "छान" म्हणायचं आणि येताना मंचरला मी चहा घ्यायचा, असं आता ठरून गेलंय. आज मॅडम "छान" म्हणाल्या नाहीत.

इंदूला माझी डावी किडनी बसवली त्याला मार्चमध्ये वर्ष होईल. बाळंतपणात तिचं ब्लडप्रेशर वाढलं ते उतरलंच नाही. नात आरोही पाच वर्षांची होईपर्यंत माझ्या लेकीच्या दोन्ही किडन्या गेल्या. जावयाचा, म्हणजे गोरखचा, रक्तगट जुळला नाही. इंदूच्या आईला साखर. माझी जुळली. एसटीत कंडक्टर म्हणून सगळी नोकरी उभ्याने काढली, त्यात कधी कुणी कौतुक केलं नाही. या एका गोष्टीचं मात्र इथे आळ्यात आणि तिच्या सासरी निरगुडसरला, दोन्हीकडे लई कौतुक झालं. मला ते आवडलंही. इथे खोटं कशाला लिहू.

मॅडम म्हणाल्या, "क्रिएटिनिन जरा वर गेलंय, काका, म्हणजे किडनीवर ताण आहे. एक डीएनए टेस्ट करून घेऊ."

मी म्हणालो, "डीएनए म्हंजे बाप कोन ते काडतात ती? बाप तर हितंच बसलाय की."

सगळे हसले. इंदूसुद्धा. मग मॅडमनी समजावलं, ही विषाणूच्या डीएनएची. शरीराने नव्या किडनीवर धावून जाऊ नये म्हणून इंदूची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी मुद्दाम दाबून ठेवलेली आहे. ती दबली की अंगात गप पडलेले विषाणू डोकं वर काढतात. त्यातला एक किडनीत मुक्काम करून असतो, बीके नावाचा. "असेलच असं नाही," म्हणाल्या.

नसणारच. पोरगी चालते-फिरते, भाकरी थापते.

१६ जानेवारी

आहे.

एक मिलिलिटर रक्तात अठ्ठेचाळीस हजार. मी विचारलं, औषध काय? मॅडम म्हणाल्या, याच्यावर खात्रीचं औषध नाही. प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या कमी करायच्या, म्हणजे इंदूचं शरीर आपणहून विषाणूला आवरेल.

"आन ते किडनीवरच धावलं तर?"

"म्हणूनच जपून कमी करायच्या, काका."

इतकी वर्षं दवाखाने पाहिले, पण औषध कमी करणं हाच इलाज असं आज पहिल्यांदा ऐकलं.

मग मॅडम मला म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर बसा. गोरखला आणि इंदूला आत ठेवून घेतलं. मला जरा लागलं ते. किडनी माझी, आणि बाहेर मी. दोघं बाहेर आले तेव्हा इंदूने सरळ येऊन माझा हात धरला, लहानपणी यात्रेत धरायची तसा. गोरख खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मी विचारलं, "कुटनं आला म्हनल्या ह्यो विषानू?"

गोरख म्हणाला, "कुटनं बी येऊ शकतो म्हनल्या, मामा."

"कोंबड्या," मी म्हणालो.

त्याने इंदूकडे पाहिलं. मग म्हणाला, "असंल."

किडनी बसवली तेव्हाच मी त्याला सांगितलं होतं, घरामागची कोंबड्यांची शेड काढ. त्याने शेड ओढ्याच्या पलीकडे नेली, पण धंदा सोडला नाही. कपडे बदलून, हातपाय धुऊन घरात यायचा म्हणे. धुऊन विषाणू जातो का?

२४ जानेवारी

इंदूला आणि आरोहीला आळ्यालाच ठेवून घेतलंय. गोरखला फोनवर स्पष्ट सांगितलं, एक तर पक्षी राहतील नाही तर माझी पोरगी तिथे राहील.

आज तो येऊन सांगून गेला, सगळे विकले. जाळ्यासुद्धा काढल्या. पाच वर्षं खपून धंदा बसवला होता त्याने. अंडी पार चाकणपर्यंत जायची. मला वाटलं होतं वाद घालेल. एक शब्द बोलला नाही. केलेलं मनाला खात असणार, दुसरं काय.

इंदूची आई म्हणाली, "त्याच्याशी नीट बोला वो." मी म्हणालो, नीटच बोलतोय.

११ फेब्रुवारी

गेल्या वेळचं रक्त नारायणगावच्या एका कलेक्शन सेंटरवरून पाठवलं होतं. ते वाटेत बिघडलं, लॅबने परत मागवलं. म्हणून आज मीच घेऊन गेलो. जांभळ्या टोपणाच्या दोन नळ्या, थर्माकोलचा डबा, आत बर्फाच्या पिशव्या. एसटीत खिडकीची जागा मिळाली. डबा मांडीवर. ऊन येत होतं म्हणून पडदा ओढून, पडद्यावरून रुमाल धरून बसलो. कंडक्टर पोरगा माझ्याच डेपोचा निघाला. म्हणाला, "साहेब, पेढे का?" मी म्हणालो, रक्त आहे. शेजारची बाई उठून मागे गेली.

लॅबमधला मुलगा, अंकित, मंचरच्या कापडवाल्या भंवरलाल शेटचा नातू निघाला. आजोबांना ओळखतो म्हटल्यावर त्याने काचेपलीकडचं मशीन दाखवलं. रक्तातून डीएनए वेगळा काढायचा. मग मशीन त्याच्या नकला काढत जातं, दर फेरीला दुप्पट. पुरेशा झाल्या की पडद्यावर रेघ वर उठते. विषाणू जास्त असेल तर रेघ लवकर उठते, कमी असेल तर उशिरा.

"म्हंजे जितका उशीर तितकं चांगलं," मी म्हणालो.

"बरोबर, काका. एसटीच्या उलटं."

हसलो दोघं. मग त्याने डब्यावरचं नाव वाचत सहज विचारलं, "डोनर कोण होतं?"

"मी," म्हटलं. अभिमानानेच म्हटलं.

त्याने नजर खाली वळवली. नळ्या उचलल्या, "बसा काका, पाणी देतो," म्हणाला आणि आत गेला. तरुण मुलगा आहे, भारावला असेल.

१५ फेब्रुवारी

एक लाख नव्वद हजार. गोळ्या कमी करूनही वाढलाच. मॅडम म्हणतात, उतरायला वेळ लागतो, धीर धरा. आणखी एक गोळी अर्धी केली.

इंदूला अजून काहीच होत नाही. ताप नाही, दुखत नाही. अंगणात आरोहीबरोबर बिट्ट्या झेलत बसते. आपल्या डोळ्यांना दिसतं त्यातलं काहीच खरं नाही, खरं फक्त त्या काचेपलीकडे आहे, आणि तिथे मला प्रवेश नाही.

२ मार्च

चुलतभाऊ गेणभाऊच्या पोराचा साखरपुडा. इंदूला नेलं नाही, गर्दी नको. गोरख आला होता. जेवताना कुणीतरी इंदूची चौकशी केली. मी पंगतीत सगळ्यांसमोर म्हणालो, "कोंबड्यांच्या नादात माझी किडनी मातीत घातली जावयाने."

गोरख ताटावरून उठला नाही. मान खाली घालून भात संपवला, हात धुतले, सगळ्यांना रामराम करून गेला.

मला हलकं वाटायला पाहिजे होतं.

१९ मार्च

आज वर्ष झालं. इंदूच्या आईने शिरा केला. आकडा सहा लाखांच्या वर. कुणी जास्त खाल्ला नाही.

५ एप्रिल

इंदू आता थकते. पायांवर सूज, बोट दाबलं की खड्डा राहतो. बायोप्सी केली, म्हणजे सुई घालून किडनीचा बारीक तुकडा काढला. माझ्या किडनीचा. तिला दुखलं तेव्हा माझा हात आपोआप माझ्या डाव्या कुशीवर गेला. तिथे आता काही नाही.

निकाल असा, की विषाणूने किडनी पोखरली आहे, आणि गोळ्या कमी केल्यामुळे शरीरही तिच्यावर धावून आलं आहे. दोन्ही एकदम. गोळ्या वाढवाव्या तर विषाणू माजतो, कमी कराव्या तर शरीर किडनी खातं. मॅडम बराच वेळ पेन हातात धरून बसल्या. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. पूर्वी घाटात गाडी बंद पडली तर निदान उतरून चाकाखाली दगड लावता यायचा.

हर्षाली म्हणून एक नर्स आहे, तिने विचारलं, "काका, तुम्ही जेवलात का?" तेवढाच प्रश्न असा होता ज्याचं उत्तर मला देता आलं.

२५ एप्रिल

आज मला कळलं. जसं घडलं तसं लिहितो.

इंदू वॉर्डात, गोरख तिच्याजवळ. मी एकटाच मॅडमकडे गेलो. विचारलं, पुढंमागं दुसरी किडनी बसवायची झाली तर ह्यो विषाणू परत येईल का? "कोंबड्या तर आमी जानेवारीतच काडून टाकल्या," म्हणालो.

मॅडम म्हणाल्या, "कोंबड्या? कोंबड्यांचा याच्याशी काय संबंध?"

मी म्हणालो, "त्यांच्यापासनंच आला ना."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग उठून दार लोटून घेतलं. "काका, हा फक्त माणसांत असतो. लहानपणी कधीतरी होतो, सर्दी-पडशासारखा, आणि मग किडनीत जन्मभर गप पडून राहतो. दहातल्या आठ-नऊ लोकांत असतो. माझ्यातही असेल."

"मंग इंदूत कुटनं उटला?"

"बहुतेक वेळा तो बसवलेल्या किडनीबरोबर येतो."

मी म्हणालो, "म्हंजे माज्याकडनं."

"बहुतेक. पण यात तुमची चूक नाही. या एका कारणावरून आम्ही कुणाचीच किडनी नाकारत नाही, नाकारली तर डोनरच उरणार नाहीत. जानेवारीत मी गोरखना आणि इंदूला हे सगळं सांगितलं. तुम्हालाही सांगणार होते. पण तेव्हा तरी आप्पांना सांगू नका, असं दोघांनी हात जोडून सांगितलं. मला वाटलं, पुढे घरी बोलणं झालं असेल."

पुढचं त्या काय बोलल्या ते आठवत नाही. जिना उतरून खाली आलो. फाटकाशी शहाळेवाला होता, एक शहाळं घेतलं आणि न पिता तिथेच ठेवलं. वर्षभर मी लोकांना सांगत फिरलो, पोरीला जीव दिला. आणि दिलं काय, तर हे.

२७ एप्रिल

इंदूला भेटायला गेलो नाही. डोकं दुखतंय असं कळवलं.

२ मे

निरगुडसरला जाऊन आलो. गोरख रानात ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. मला बघून उठला, खांद्यावरच्या टॉवेलने दगड पुसून म्हणाला, "बसा मामा."

ओढ्यापलीकडे शेड उभी होती. दारं सताड उघडी. आत कांद्याच्या रिकाम्या गोण्या.

मी म्हणालो, "मॅडमनी सांगितलं मला."

तो नळी गुंडाळत राहिला. "कशाला सांगितलं त्यांनी."

"तुमाला म्हाईत व्हतं, मंग कोंबड्या का इकल्या?"

"तुमी म्हनला व्हता."

"मी कायबी म्हनंन! गेणभाऊकडं पंगतीत बोललो, तवा तरी तोंड उघडायचं."

"काय बोलनार, मामा?" तो खाली बसला. "तुमी कोंबड्यांवर राग काडत व्हता, माज्यावर काडत व्हता, तवर तुमी जेवत तरी व्हता. येवडं म्हाईत पडल्यावर तुमी अन्न सोडलं असतं. इंदूच म्हनली, आप्पांना कळता कामा नये. त्यांनी मला दिलंय, त्यांच्या हातनं ते काडून घ्यायचं न्हाई."

मी जावयाच्या पाया पडायला वाकलो. आपल्यात असं करत नाहीत, माहीत आहे. त्याने मला दंडाला धरून उभं केलं आणि रागावला. पहिल्यांदाच रागावला माझ्यावर. "आसं काय करता राव! लोकं बघत्यात." लोक कुणी नव्हते. लांब एक बाई गवत कापत होती.

येताना गेणभाऊकडे उतरलो. पंगतीला जे जे होते त्यातले भेटतील तेवढ्यांना सांगितलं, जावयाची काही चूक नव्हती. गेणभाऊ म्हणाला, मग चूक कुणाची? चूक कुणाचीच नाही, असं मॅडम म्हणतात. कुणाचीच नाही हे कसं धरून ठेवायचं, ते मला येत नाही. कोंबड्या होत्या तेव्हा सोपं होतं.

४ मे

इंदूला भेटलो. तिने नुसतं तोंड बघून ओळखलं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आप्पा, मागल्या जूनला आरोहीला पहिलीत सोडायला मी गेले व्हते. माझ्या पायांनी. वर्गाच्या दारापर्यंत." आणि कूस बदलून झोपली.

१२ जून

आजचा रिपोर्ट: विषाणू आढळला नाही.

अंकितने स्वतःहून फोन केला. म्हणाला, "काका, रेघ उठलीच नाही! शेवटपर्यंत वाट बघितली." त्याचा आवाज इतका खुश होता की मी "लई उपकार झाले" म्हणून फोन ठेवला. गेल्या सोमवारीच मॅडमनी सांगितलं होतं, किडनी संपली आहे. ती वाचवायची म्हणून देत होतो त्या गोळ्याही आता हळूहळू बंद करायच्या. ज्याला हुसकत होतो तो गेला, पण घर बसल्यावर.

इंदूची आई देवापाशी बसली होती. तिने विचारलं, "चांगला आला का?" मी म्हणालो, "हो, चांगला आला." ती रडायला लागली. मीही.

माझ्याकडे अजून एक आहे, म्हटलं मॅडमना. ती घेता येत नाही, म्हणाल्या. मलाही ते माहीत होतं.

१ जुलै

मंचरला डायलिसिस सुरू झालंय, आठवड्यातून तीनदा. दुसऱ्या किडनीसाठी प्रतीक्षायादीत नाव घालता येईल, पण लगेच नाही, आणि मिळेल तेव्हा मिळेल. गोरखने कंपनीत पाळी धरलीय, सुटी फक्त गुरुवारी, म्हणून मंगळवारी आणि शनिवारी तिला मी नेतो. इंदू पुन्हा निरगुडसरला राहायला गेली. मीच म्हणालो, जा.

आज पहिल्यांदा मला तिच्याजवळ बसू दिलं. मशीन फिरत होतं, तिचं रक्त नळीतून बाहेर येऊन परत आत जात होतं. मी तिकडे बघायचं टाळत होतो. शेवटच्या तासाला तिच्या पोटरीत गोळा आला. कळवळली. सुया टोचलेला हात हलवायचा नाही, म्हणून उठता येईना. सिस्टर दुसऱ्या पेशंटपाशी होती. तिथूनच ओरडली, "काका, तळवा दाबून धरा, बोटं वर करा, जोरात!"

मी उठलो. चादर बाजूला केली, तिच्या तळव्याला माझा तळहात लावला आणि सगळा भार टाकला. पाय थंडगार होता. पोटरीतला गोळा दगडासारखा. बराच वेळ तसाच धरून राहिलो. मग तो हळूहळू सैल व्हायला लागला आणि तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"सोडू का?" मी विचारलं.

"नका अजून," ती म्हणाली.

मी धरून ठेवला.